घरच्या घरी बनवा: १९४२च्या भूमिगत रेडिओवरचा बोर्ड गेम

हेरगिरी आणि कटाचे सहकारी खेळ, म्हणजे सगळे एका बाजूला आणि विरोधात फक्त पट, बरेचदा युरोपातल्या महायुद्धावर बेतलेले असतात. हिटलरविरोधी कटावरचा 'ब्लॅक ऑर्केस्ट्रा' (२०१६) हे त्यातलं ठळक नाव. पण त्याच महायुद्धाच्या काळात मुंबईतही एक कट चालू होता, आणि तो पटावर मांडायला फार सोयीचा आहे: 'चले जाव' आंदोलनाचा भूमिगत काँग्रेस रेडिओ. २७ ऑगस्ट १९४२ला ४२.३४ मीटर तरंगलांबीवर त्याचं पहिलं प्रसारण झालं. उषा मेहता आणि सहकारी प्रसारणाचं यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहिले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला.

खेळाला लागणारा सगळा ताण यातच आहे. प्रसारण केलं की लहरींवरून जागा शोधता येते, गप्प बसलं तर रेडिओ काढून उपयोग काय? खाली दिलेला खेळ २ ते ४ जणांसाठी आहे.

साहित्य

– ३७ पत्ते. पत्त्याचं माप ६३ × ८८ मिलिमीटर ठेवा, म्हणजे ए-४ कागदावर बरोबर नऊ बसतात. चार कागदांत ३६ आणि एक वेगळा.
– पटासाठी ए-३ कार्डशीट.
– चार फासे.
– शोधगाडीसाठी (लहरींवरून रेडिओची जागा शोधणारी पोलिसांची गाडी) कॅरमची काळी सोंगटी, यंत्रासाठी पांढरी.
– 'निरोप' म्हणून चार बटणं.
– रात्री मोजायला पेन्सिल.

३६ पत्त्यांत बातमी, यंत्र आणि आवाज हे तीन प्रकार, प्रत्येकी १२. प्रकार नुसत्या रंगाने दाखवू नका. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात केशरी आणि लाल सारखेच दिसतात, म्हणून मोठं चिन्हही काढा. सदतिसावा पत्ता 'फितुरी'चा.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते कागदामुळे. साधा छपाईचा कागद उजेडात आरपार दिसतो, आणि जाड कार्डशीट हाताने कापली की कडा कमी-जास्त होऊन पत्ते पाठीवरून ओळखू येतात. सोपा उपाय: जुना पत्त्यांचा जोड घ्या, प्रत्येक पत्त्यावर छापलेला कागद ठेवा आणि दोन्ही एकत्र प्लास्टिकच्या पाकिटात सरकवा. डिंक लावू नका, पत्ते वाकतात.

पटावर पाच घरं काढा: सी व्ह्यू (चौपाटी), अजित व्हिला (लॅबर्नम रोड), लक्ष्मी भवन (सँडहर्स्ट रोड), पारेख वाडी (गिरगाव) आणि पॅराडाइज बंगला (महालक्ष्मी). यंत्र खरोखरच या जागांमधून फिरलं होतं. बाजूला शोधगाडीची पट्टी, ० ते ३. खाली १२ रात्रींचे चौकोन आणि ५ प्रसारणांचे.

मांडणी

३६ पत्ते पिसून प्रत्येकाला तीन वाटा. उरलेल्या गठ्ठ्यातले तळाचे १२ वेगळे काढा, त्यात फितुरी मिसळून पिसा आणि पुन्हा तळाशी ठेवा. गाडी ०वर, यंत्र सी व्ह्यूत. १२ रात्रींत ५ प्रसारणं झाली की जिंकलात. गाडी ३वर आली की छापा, खेळ तिथेच संपला.

एक रात्र

१. म्होरक्या (हे काम दर रात्री डावीकडच्याकडे जातं) आजची रात्र प्रसारणाची की घर बदलण्याची, हे ठरवतो. यावर सगळ्यांनी हवी तेवढी चर्चा करावी, फक्त हातातल्या पत्त्यांबद्दल अवाक्षर नाही.

२. प्रसारण ठरलं तर म्होरक्या एक पत्ता पालथा टाकून त्याचा प्रकार खरा सांगतो. मग डावीकडून एकेक जण गुपचूप पत्ता टाकतो. आपला प्रकार सांगायचा असेल तर एक निरोप खर्च करावा लागतो. दोघेच असाल तर म्होरक्या दोन पत्ते टाकतो आणि एकच सांगतो. चौघे असाल तर म्होरक्याच्या उजवीकडचा त्या रात्री पहाऱ्यावर. तो पत्ता टाकत नाही, फासे टाकतो.

३. पत्ते उलटा. तीन वेगळे प्रकार आले तर प्रसारण झालं. नाहीतर रात्र फुकट, पण धोकाही नाही, कारण यंत्र चालूच झालं नाही. दोन्ही वेळी पत्ते बाद.

४. प्रसारण झालं असेल तर या घरातलं ते जितकावं, तितके फासे टाका. एकावर जरी ५ किंवा ६ आला तरी गाडी पट्टीवर एक घर पुढे. दोन फाशांवर आला तरी एकच.

५. हात पुन्हा तीन पत्त्यांचा करा, म्होरकेपण डावीकडे द्या. गठ्ठा संपला तर बाद पत्ते पिसून घ्या. फितुरी हाती आली की लगेच दाखवा: गाडी एक घर पुढे, तो पत्ता खेळाबाहेर, बदली पत्ता घ्या. (खऱ्या कटातही यंत्राला हात लावलेल्या तंत्रज्ञाकडूनच पोलिसांना माग लागला.)

घर बदलण्याच्या रात्री प्रसारण नाही. गाडी एक घर मागे येते, प्रत्येकाला दोनपर्यंत पत्ते बदलता येतात आणि सोडलेल्या घरावर फुली पडते. तिथे परत जाता येत नाही.

आकडे काय सांगतात

गाडी पुढे सरकण्याची शक्यता एका फाशाला ३३ टक्के, दोनांना ५६, तीनांना ७०, चारांना ८०. म्हणून एका घरात दोन प्रसारणं बहुतेकदा परवडतात. तिसरं करायचं ते गाडी ०वर असतानाच, किंवा रात्री संपत आल्या असतील तर. नवखे उलट करतात: घाबरून दर प्रसारणानंतर घर बदलतात आणि बारांपैकी चार रात्री घरं बदलण्यातच जातात. दोन-तीन बदल पुरेसे आहेत.

खेळाआधी एक संकेत ठरवून ठेवा: निरोप नसेल तेव्हा म्होरक्याच्या डावीकडचा क्रमातला पुढचा प्रकार टाकेल (बातमी, यंत्र, आवाज, पुन्हा बातमी), त्याच्या पुढचा उरलेला. तिघांच्या खेळात ठरावीक प्रकार तीन पत्त्यांत असण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास. दोघांकडेही असायला हवा, म्हणजे साधारण निम्म्या रात्री जमतं. म्होरक्याच्या डावीकडच्याने निरोप खर्चला तर शक्यता दोन-तृतीयांशाच्या थोडी वर जाते. निरोप पहिल्याच चार रात्रींत उधळू नका. घर बदलताना हात सुधारतो, पण कोणाकडे काय आलं ते कळत नाही. त्यानंतरच्या रात्री निरोपाला खरी किंमत येते.

बिघडतं कुठे

सहकारी खेळांचा जुना रोग म्हणजे एक हुशार माणूस सगळ्यांचे डाव खेळतो आणि बाकीचे त्याचे हमाल होतात. पत्त्यांवरचं मौन आहे ते त्यासाठीच. ते पाळलं नाही तर हा खेळ वीस मिनिटांत कंटाळवाणा होतो. भुवया उडवणं, पत्ता मुद्दाम सावकाश टाकणं, 'अरेरे' म्हणणं हेही बोलण्यातच धरा. पकडलं गेलं की एक निरोप जप्त.

दुसरी चूक फासे मोजण्यात होते. फुकट गेलेल्या रात्री त्यात धरायच्या नाहीत. घराशेजारी प्रत्येक प्रसारणाची रेघ मारली की वाद होत नाही.

सारखे हरत असाल तर सहा निरोप घ्या. सहज जिंकत असाल तर दोनच घ्या, किंवा सहा प्रसारणांचं लक्ष्य ठेवा. गाडीची पट्टी मात्र वाढवू नका. ती ० ते ४ केली की फासे टाकताना कोणाच्याच पोटात गोळा येत नाही.