खाद्यपदार्थाचं सॅम्पल लॅबला कसं पाठवायचं

मी पुण्यातल्या एका फूड टेस्टिंग लॅबमधे सॅम्पल घ्यायच्या काउंटरवर बसते. बचत गटाच्या ताया, मसालेवाले, शेतकरी कंपन्यांची मुलं, सगळे येतात, आणि खूप जणांचं सॅम्पल बघूनच कळतं की यांचे पैसे वाया जाणार आहेत. मशीन लाखोंची असतात, पण मशीनपुढे जे येतं ते तुम्ही पोत्यातून काढलेलं मूठभरच असतं ना. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी टेस्ट कशासाठी पाहिजे ते ठरवा. "सगळं चेक करा" असं कृपया म्हणू नका, बिल भलतंच येतं आणि हवं ते राहून जातं. पाकिटावर न्यूट्रिशन छापायचंय तर प्रोटीन, फॅट, कार्ब, एनर्जी, साखर, सोडियम असा सेट लागतो. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) लायसन्सची सहामाही टेस्ट असेल तर तुमच्या पदार्थाच्या स्टँडर्डमधे जे जे लिहिलंय ते सगळं. आणि एक्स्पोर्ट असेल तर ज्या देशात माल जातोय तिथली लिमिट सांगा, कारण खायला तयार शेंगदाण्यात टोटल अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष, सगळे प्रकार मिळून) आपल्याकडे किलोमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं आणि युरोपात फक्त ४, म्हणजे इथे पास झालेला माल तिकडच्या बंदरावरून परत येऊ शकतो.

लॅब निवडताना एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) लोगो बघून खूश होऊ नका. एनएबीएल मान्यता लॅबला सरसकट नसते, प्रत्येक टेस्टला आणि प्रत्येक प्रकारच्या पदार्थाला वेगळी असते, त्याला स्कोप म्हणतात आणि तो एनएबीएलच्या साइटवर कुणालाही बघता येतो. तेलातलं पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल खवट व्हायला लागलंय का याचं माप) स्कोपमधे आहे म्हणून लोणच्याचं असेलच असं नाही. फोन करून सरळ विचारा, "माझ्या पदार्थात ही टेस्ट तुमच्या स्कोपमधे आहे का, आणि तुम्ही एफएसएसएआय नोटिफाइड आहात का?" नोटिफाइड म्हणजे एफएसएसएआयच्या मान्य यादीतली लॅब, लायसन्सच्या कामाला दोन्ही लागतं. द्राक्षवाल्यांना ही सवय आहे कारण युरोपला जाणाऱ्या द्राक्षांवर उरलेल्या फवारणीच्या औषधांच्या अंशाच्या तपासणीची घडी पुण्याजवळ मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या रेफरल लॅबने (बाकीच्या लॅबना दिशा देणारी मुख्य लॅब) बसवून दिली, मसाला-चटणीवाल्यांना मात्र हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता सॅम्पल काढणं. इथे घाई अजिबात नको.

शेंगदाण्याचंच घ्या. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष, १९६० मधे इंग्लंडमधे एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून ते पहिल्यांदा पकडलं गेलं, आणि आपल्या देशात १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, एखाद्याच दाण्यात ठासून भरलेलं असतं. समजा अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात किलोमागे २०,००० मायक्रोग्रॅम या हिशोबाने विष आहे, म्हणजे त्या दाण्यात १० मायक्रोग्रॅम झालं, आणि तो एकटा दाणा एक किलो चांगल्या मालाला १० वर नेऊन ठेवतो. तुम्ही वरून शंभर ग्रॅम उचललेत आणि तो दाणा त्यात आला तर नापास, नाही आला तर पास! म्हणून युरोपात मोठ्या लॉटला शंभर जागांवरून थोडं थोडं मिळून २० किलो माल काढतात.

आपल्या दहा-वीस पोत्यांना एवढं नको, पण प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घ्या, पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी असेल तर छानच. सगळं स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र करून नीट कालवा, ढीग करा, ढीग सपाट करून त्यावर अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेघा मारा, चार भाग होतात. समोरासमोरचे दोन भाग ठेवा, बाकीचे दोन बाजूला काढा, परत कालवा, परत चार भाग, दोन-तीन किलो उरेपर्यंत असंच. काळे, आक्रसलेले दाणे निवडून फेकू नका हं, बऱ्याच ताया सॅम्पल "नीट" करून आणतात, पण विकायचा माल निवडलेला नसेल तर सॅम्पलही निवडलेलं नको. आणि उरलेलं सगळं लॅबला देऊ नका, अर्धं सील करून, बॅच नंबर टाकून घरी ठेवा, उद्या रिपोर्टवर वाद झाला तर तेच कामाला येतं.

मिरची पावडरीला ओलाव्याची लिमिट ११ टक्के आहे. पावसाळ्यात कागदी पुडीत बांधून आणलेली पावडर वाटेतच दमट होते आणि मग रिपोर्टात १२ दिसतं. जाड पाउच किंवा घट्ट झाकणाची कोरडी बरणी घ्या, गच्च भरा. पावडर जाळून उरलेल्या राखेतली आम्लात न विरघळणारी राख १.३ टक्क्याच्या वर गेली तर ती बहुतेक माती-वाळू असते, तेव्हा लॅब बदलण्याआधी मिरची कुठे वाळत घातली होती ते आठवा.

जंतूंच्या टेस्टचं सॅम्पल पूर्ण वेगळं. केमिकल टेस्टच्याच पिशवीतून चमच्याने काढून देऊ नका. लॅबकडून निर्जंतुक डबा मागून घ्या, किंवा दुकानात जातं तेच बंद पाकीट द्या. पनीर, श्रीखंड असलं काही असेल तर बर्फाच्या पॅकबरोबर थर्मोकोलच्या डब्यात, पण गोठवून नाही, आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. साल्मोनेलाचा (अन्नातून आजारी पाडणारा जंतू) रिपोर्ट उद्या मागू नका, २५ ग्रॅम सॅम्पल आधी रात्रभर पोषक द्रवात वाढवतात, मग दुसऱ्या द्रवात, मग प्लेटवर, चार-पाच दिवस जातातच.

रिपोर्ट हातात आला की आधी युनिट बघा, टक्के आहेत, मिलिग्रॅम आहेत की मायक्रोग्रॅम. मग पद्धत लिहिलीय का बघा. बीएलक्यू लिहिलं असेल तर ते शून्य नाही, त्याचा अर्थ मशीनला खात्रीने मोजता येईल त्यापेक्षा कमी, आणि तो आकडा किती ते बाजूला असायलाच पाहिजे, नसेल तर हक्काने विचारा.

आणि धंदा नाही, फक्त घरी आणलेल्या खव्याचा संशय आहे असे लोकही येतात. त्यांच्यासाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे, ग्राहक स्वतः फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून (कायद्याने नेमलेला अन्न तपासणारा अधिकारी) तपासणी करून घेऊ शकतो, मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल कायद्यात बसत नाही असं निघालं तर भरलेली फी परत मिळते.