दूरच्या विवरापर्यंत रोव्हरची वाट आखायला शिकताना

नाशिकहून इगतपुरी जेवढी लांब, साधारण तेवढंच अंतर, म्हणजे ४५.१६ किलोमीटर, ऑपॉर्च्युनिटी रोव्हर मंगळावर १४ वर्षांत चालला. त्यातला व्हिक्टोरिया विवर ते एंडेव्हर विवर हा टप्पा नवख्यांनी नीट अभ्यासावा. २००८ मध्ये व्हिक्टोरियातून बाहेर पडताना एंडेव्हरची कड सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटरवर होती. ऑगस्ट २०११ मध्ये रोव्हर तिथे पोचला तेव्हा चाल झाली होती सुमारे २१ किलोमीटर. पावणेदोन पट! वाटेत वाळूच्या उंच लाटा होत्या, त्यांना वळसा घालावा लागला. चांगल्या दिवशी हा रोव्हर शंभर मीटरच्या पुढे जाई, पण या टप्प्याची सरासरी मंगळाच्या एका दिवसाला जेमतेम २० मीटर पडते. म्हणून दूरच्या विवराचा हिशोब पट्टीने मोजलेल्या अंतरावर कधीच करू नका.

शिकायला जेमार्स आणि क्यूजीआयएस ही नकाशांची दोन मोफत सॉफ्टवेअर पुरतात. जेमार्सवर जागा शोधायची, क्यूजीआयएसमध्ये मोजमाप करायचं. पहिली चूक इथेच होते. क्यूजीआयएसला मंगळाची संदर्भप्रणाली, म्हणजे ग्रहाचा आकार आणि अक्षांश-रेखांश मोजायची पद्धत, दिली नाही तर ते पृथ्वी धरून चालतं. पृथ्वीवर विषुववृत्तापाशी १ अंश म्हणजे १११ किलोमीटर, मंगळावर ५९. अंतरं जवळपास दुप्पट येतात आणि आकडे दिसायला ठीकठाक असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्रिज्या ३३९६.१९ किलोमीटर आहे ना, हे प्रोजेक्ट उघडल्यावर सर्वांत आधी बघा. जुन्या नकाशांत रेखांश पश्चिमेकडे मोजलेले असतात, नव्यांत पूर्वेकडे. तेही तपासा.

मग विभेदन, म्हणजे एक पिक्सेल जमिनीचा केवढा तुकडा दाखवतो ते. मोला या मंगळाभोवती फिरलेल्या लेझर उंचीमापकाच्या नकाशात विषुववृत्ताजवळ एक पिक्सेल ४६३ मीटरचा असतो. व्हिक्टोरियाचा व्यास सुमारे ७५० मीटर. म्हणजे अख्खं विवर दोन पिक्सेलही भरत नाही! त्यावर उतार काढला तर उभे कडे सपाट होऊन जातात आणि रोव्हर सहज आत उतरेल असं वाटतं. मोलावर फक्त प्रदेश निवडावा. सीटीएक्स या मंगळाच्या कक्षेतल्या कॅमेऱ्याच्या ६ मीटर पिक्सेलच्या छायाचित्रांवर ढोबळ वाट काढावी आणि कड, उतरणीची जागा, वाळू हे सगळं हायराइज या त्याहून बारीक टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवर, २५ ते ३० सेंटिमीटरच्या पिक्सेलवर, ठरवावं. हायराइजचं उंचीचं प्रारूप सगळीकडचं मिळत नाही. नसेल तिथे खोली सावलीवरून काढा: सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन. सूर्य ३० अंशांवर आणि सावली ४० मीटर असेल तर खोली सुमारे २३ मीटर. सावलीचं टोक तळापर्यंत पोचलेलं नसेल तर ही खोली तळाची नव्हे, फक्त त्या टोकाची.

उताराचा नकाशा काढल्यावर सगळीकडे ८९-९० अंश आले तर घाबरू नका. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली आहे. नकाशाचा थर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणून पुन्हा चालवा. मग रंग द्या: १५ अंशांखाली हिरवा, १५ ते २५ पिवळा, पुढे लाल. ऑपॉर्च्युनिटी ४५ अंशांपर्यंत उलटणार नाही अशी बनवलेली होती, पण ३० च्या पुढे कलू नये अशी मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घातलेली होती. वाळूवर चाकं त्याच्या कितीतरी आधी घसरतात.

३० अंश म्हणजे किती, हे स्क्रीनवर कळत नाही. त्यासाठी नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगराला जा. मीटरभर लांबीची सरळ लाकडी पट्टी उतारावर ठेवा, तिच्यावर फोन ठेवून कोनमापक ॲप लावा. फोन नुसता दगडावर ठेवला तर त्या एका दगडाचा कोन मिळतो, उताराचा नाही. आधी डोळ्यांनी अंदाज लिहा, मग मोजा. बहुतेकांना २५ अंशांचा उतार ४० चा वाटतो. पायथ्याशी घरंगळून साठलेल्या सुट्या दगडांचा उतार मोजला तर तो साधारण तिशीतच मिळतो. ताज्या विवराच्या आतल्या भिंतीवरचा राडारोडाही असाच विसावलेला असतो. खडकही जवळून बघा. हा काळा बेसॉल्ट, त्यातल्या वायूच्या पोकळ्या आणि पोकळ्यांत मागाहून साचलेली पांढरी झिओलाइट खनिजं. मंगळाचं कवचही मुख्यतः बेसॉल्टचंच आहे. नाशिककरांना हा फायदा दाराशीच मिळतो, तो सोडू नये.

सपाट दिसणारी जमीन सर्वांत फसवी. २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटी जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीच्या वाळूच्या लाटेत रुतली आणि बाहेर पडायला पाचेक आठवडे लागले. उताराच्या नकाशावर अशी लाट हिरवीच दिसते. त्यामुळे वाळूचा वेगळा थर हाताने रेखाटा, त्याला पर्याय नाही. चंद्रावर अडचण उलटी असते. २७ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरच्या समोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचं विवर आलं आणि त्याला माघारी वळवावं लागलं. एवढं विवर कक्षेतल्या चांगल्या छायाचित्रातही मोजक्याच पिक्सेलचं असतं.

पुढे याच क्षेत्रात जायचं असेल तर भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्राची पदवी आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा एवढी तयारी हवी. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे दूरसंवेदनाचे ऑनलाइन अभ्यासक्रम करावेत. ग्रहविज्ञानातल्या संशोधनासाठी अहमदाबादची पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) नजरेसमोर ठेवावी. प्रज्ञानवरचं एपीएक्सएस हे मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण तिथेच बनलं.

पहिला सराव म्हणून इयाझू घ्या. एंडेव्हरच्या दक्षिणेला, सुमारे ७ किलोमीटर व्यासाचं, ऑपॉर्च्युनिटीने लांबून पाहिलेलं आणि कधीच न गाठलेलं विवर. एंडेव्हरच्या कडेवरून तीन वाटा काढा. प्रत्येकीसाठी सरळ अंतर, प्रत्यक्ष अंतर, सर्वांत मोठा उतार, वाळूतून जाणारे मीटर आणि रोज २० मीटरने लागणारे दिवस लिहा. कुठला भाग कुठल्या विभेदनावर पाहिला हेही शेजारी नोंदवा. पाहणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.