कॅराव्हॅनची वीज : आधी अर्थिंग, मग प्लग

महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर ही ठिकाणे इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर असल्यामुळे आमच्या ओळखीतली काही मराठी कुटुंबे आता भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन जातात आणि मुक्कामाला एखाद्या लॉजच्या किंवा शेतघराच्या आवारातल्या सॉकेटवरून वीज घेतात. या जोडणीत सर्वांत जास्त काळजी अर्थिंगची घ्यावी, कारण गाडीचा लोखंडी सांगाडा रबरी टायरांवर उभा असतो आणि जमिनीशी त्याचा विद्युत संबंध जवळजवळ नसतो. आत कुठे फेजची तार सांगाड्याला टेकली आणि अर्थिंग नसले, तर सारी गाडी २३० व्होल्टवर येते, तरी आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. झटका बसतो तो घाटावर स्नान करून ओल्या, अनवाणी पायांनी परतणाऱ्याला, दाराची मूठ धरताक्षणी.

मागच्या पावसाळ्यात माझ्या आईला अशीच मूठ धरताना झिणझिण्या आल्या. मेन स्विच बंद करून सॉकेट उघडले, तेव्हा अर्थच्या मोठ्या भोकामागच्या स्क्रूला तारच लावलेली नव्हती. बॅटरीच्या चार्जरमधून होणारी किरकोळ गळती एरवी अर्थच्या तारेने निघून जाते. ती वाट नसल्यामुळे सांगाड्यावर व्होल्टेज आले होते. झिणझिण्या सौम्य असल्या तरी त्याकडे दुर्लक्ष करू नये. गाडीला पुन्हा हात न लावता आधी जिथून वीज घेतली तिथला स्विच बंद करावा.

म्हणून प्लग लावण्यापूर्वी सॉकेट तपासावे. तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर इंदूरच्या महाराणी रोडवरच्या विजेच्या दुकानांत मिळतो. अर्थ नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत, हे त्यावर कळते. अर्थिंग किती चांगले आहे, हे मात्र कळत नाही. दिवे बरोबर लागले नाहीत, तर ती रात्र बॅटरीवर काढावी. यात भिडेला जागा नाही.

गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी असला की पुरे, असा समज फार आढळतो, पण एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो; माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो. गाडीतला आरसीसीबी बाहेरच्या केबलचे रक्षण करत नाही, म्हणून सॉकेटच्या टोकालाही एक असावा आणि दोन्हींचे टेस्ट बटण प्रत्येक मुक्कामी दाबून पाहावे.

केबल तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्यावी आणि गुंडाळी पूर्ण सोडावी. एकदा एसी चालू असताना मी अर्धवट गुंडाळलेल्या रिळाला हात लावला, तर बाहेरचे वेढे कोमट होते आणि आतल्या वेढ्यांनी चटका दिला. सॉकेट ६ अँपिअरचे असेल, तर सुमारे १,३८० वॅटच मिळतात. एसी आणि विजेची किटली त्यावर एकत्र चालवू नये.

१२ व्होल्टच्या बॅटरीने झटका बसत नाही, पण आग लागू शकते. इन्व्हर्टरवर १,००० वॅटचे उपकरण लावले, की बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो, त्यामुळे तारा जाड हव्यात आणि फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ हवा. जनरेटर गाडीपासून दूर, वारा खिडक्यांकडे येणार नाही अशा बाजूला ठेवावा, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जोडताना सॉकेटचा स्विच बंद ठेवून केबल आधी गाडीला, मग सॉकेटला लावावी आणि शेवटी स्विच चालू करावा. काढताना आधी स्विच बंद करून सॉकेटमधला प्लग काढावा, मग गाडीकडचे टोक सोडवावे. दोन्ही टोकांना प्लग बसवलेली घरगुती केबल कुणी देऊ केली, तर ती मुळीच वापरू नये. तिचे एक टोक सॉकेटमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांमध्ये वीज खेळत असते.