घोड्याला वळण लावताना या चुका टाळा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथून नवा घोडा घरी आला की पहिल्या काही आठवड्यांतच कुरबुरी सुरू होतात. चावतो, पाठीवर बसू देत नाही, मध्येच अडतो, ट्रॅक्टर दिसला की उधळतो. मालक म्हणतो, ‘बाजारात तर गरीब होता!’ होता, कारण तिथे आजूबाजूला शेकडो घोडे होते. कळपात राहणारं जनावर एकटं पडलं, जागा बदलली, चारा बदलला, हाताळणारा माणूसही बदलला. असा घोडा बिथरला तर तो माजलेला आहे असं समजून चाबूक उचलणं ही पहिली चूक.

शिक्षा उशिरा देणं

मारावं की मारू नये यावर वाद पुष्कळ होतात. माझ्या मते त्याआधी वेळेचा विचार करायला हवा. घोडा जे करतो आणि त्याच क्षणी त्याला जे जाणवतं, तेवढ्याचीच सांगड तो घालतो. समजा, घोडा सुटला, शेतभर पळाला आणि अर्ध्या तासाने हाती लागला. तेव्हा त्याला दोन फटके दिले तर त्याच्या लेखी ते पळण्याबद्दल नसतात. माणसाजवळ गेलं की मार बसतो, एवढंच तो शिकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला धरणं आणखी अवघड होतं. अशा वेळी राग गिळा, मानेवर थोपटा आणि मुकाट तबेल्यात न्या.

हीच गोष्ट दोरीची आणि लगामाची. घोड्याला मागे सरकायला शिकवताना आपण हलका दाब देतो, पण तो शिकतो दाब सुटतो तेव्हा. त्याने एक पाऊल मागे टाकलं की त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. बहुतेक जण पाऊल पडल्यावरही ओढतच राहतात. मग ऐकलं काय आणि न ऐकलं काय, दाब तोच, हे घोड्याला कळतं आणि तो दाबाकडे दुर्लक्ष करायला लागतो. त्याला ‘कडक तोंडाचा’ म्हणतात आणि आणखी जहाल लगाम चढवतात. लगामाचं लोखंड दात नसलेल्या जागी, थेट हिरडीवर टेकतं. तिथे जखम झालेला घोडा वेदनेपासून पळतो, म्हणजे अधिकच उधळतो. काटेरी लगामाला आपल्याकडे 1965 च्या नियमांनी बंदी आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून दिसतो. हे थांबलंच पाहिजे.

दुखणं आहे का, हे न पाहणं

काल शहाणा असलेला घोडा आज तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येत असेल तर आधी खोगीर काढून पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवा. कुठे दचकतो का, सूज आहे का, खुरात खडा अडकलाय का ते पाहा. दातही तपासून घ्या. साधारण अडीच ते पाच वर्षांच्या काळात दुधाचे दात पडून कायमचे येतात आणि नेमकं याच वयात आपण लगामाची सवय लावत असतो. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर गाल सोलतात. पशुवैद्याकडून त्या घासून घ्या. दुखणाऱ्या घोड्याला शिस्त लावायला जाणं हा सरळ अन्याय आहे.

आणखी एक पाहा: काम थोडं आणि हरभरा-भरडा भरपूर, असं तर नाही ना? मग अंगात साठलेला जोर खोड्यांतच निघतो.

चावणं, बुजणं, उभं राहणं

चावऱ्या घोड्याच्या तोंडावर चापट मारू नका. त्यामुळे डोकं हाताळू न देण्याची खोड तेवढी लागते. हातावर गूळ भरवणं बंद करा, खाणं गव्हाणीतच द्या. तो अंगावर झुकला की लगेच, न चिडता, दोन-तीन पावलं मागे सरकवा. दर वेळी तसंच करा. घरातल्या एकाने लाड केले आणि दुसऱ्याने मारलं, तर घोडा गोंधळतो.

बुजलेल्या घोड्याला मारलं तर त्याची भीती खरी ठरते. ढोल-ताशाची सवय लावायची तर वादन लांबून ऐकवा, सोबत सरावलेला शांत घोडा ठेवा. बुजणारा घोडा चारा खाऊ लागला, त्याची मान खाली आली, की मग थोडं जवळ न्या.

घोडा मागच्या पायांवर उभा राहिला की लगाम ओढणं सर्वांत घातक. तो स्वारासकट पाठीवर पडू शकतो. पुढे झुका, लगाम सैल सोडा आणि त्याचे पाय टेकताच त्याला पुढे चालवा. जमिनीवरून दोरी धरली असेल तर ढील द्या आणि बाजूला व्हा. उधळलेल्या घोड्याचा लगामही सतत ताणून धरू नका. ओढा, सोडा, पुन्हा ओढा आणि जागा असेल तर मोठ्या वळणावर घ्या. भरधाव घोड्याला एकदम वळवलं तर तो कोसळू शकतो.

स्वतःची काळजी

दोरी हाताला कधीच गुंडाळू नका, घडी करून मुठीत धरा. घोड्याला कपाळासमोरचं आणि थेट मागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जवळ जा. मागून जायचं तर अंगावर हात ठेवून अगदी चिकटून जा, नाहीतर लाथ पोचणार नाही इतक्या लांबून. हातभर अंतरावर लाथ पूर्ण जोराने बसते. बांधताना एका झटक्यात सुटणारी गाठ मारा. हेल्मेट आणि टाचेचे बूट हवेतच.

आणि शिंगराला पुढचे पाय अंगावर ठेवायला शिकवू नका. आज लोक कौतुकाने व्हिडिओ काढतात. चार वर्षांनी तेच पाय साडेतीनशे किलोंच्या घोड्याचे असतात आणि मार मात्र त्यालाच बसतो.