टॅब कापली आणि बाण सरळ सुटू लागले

तिरंदाजीत रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर) ३० मीटरला माझे बाण सतत डावीकडे जात होते (मी उजव्या हाताने ओढते). साइट (नेम धरायची खूण) हलवली, प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची कळ) बदलून पाहिला; दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. शिवाय पूर्ण ताण घेताना बाण रेस्टवरून (बाण टेकवायच्या आधारावरून) सटकायचा.

दोष टॅबचा, म्हणजे दोरी ओढणाऱ्या बोटांवर घालायच्या चामड्याच्या पट्टीचा, निघाला. पुढे उपयोगी पडेल म्हणून मी मोठ्या मापाची घेतली होती. बोटं दोरीवर वाकवून पाहिलं तर चामडं टोकांच्या पुढे जवळजवळ एक सेंटिमीटर! सोडताना दोरी त्यावरून घासत बाहेर पडायची. बोटं तशीच वाकवून पेनने कड आखून घेतली. सरळ बोटांवर माप घेऊ नका, हमखास चुकतं. मग धारदार कात्रीने एका वेळी जेमतेम एक मिलिमीटर कापायचं, सहा बाण मारायचे, पुन्हा बघायचं. कापलेलं चामडं परत जोडता येत नाही, आणि फार आखूड झालं तर दोरी थेट कातडीवर येते.

बाण सटकण्याचं कारण वेगळं होतं. तर्जनी आणि मधलं बोट नॉकला (बाणाच्या मागच्या खाचेला) चिमटत होते. टॅबला जाड स्पेसर (त्या दोन बोटांत अंतर ठेवणारा तुकडा) लावला, तो प्रकार थांबला. शेवटी ॲलन कीने स्क्रू सैल करून टॅबची प्लेट किंचित फिरवली, ती हनुवटीखाली सपाट बसेपर्यंत.

नवं चामडं ताठ असतं. थोडी टाल्कम पावडर लावून शंभरेक बाण मारा, मगच साइटला हात लावा.