एकच चेहरा, दोनदा: आधी हुबेहूब, मग आपल्या शैलीत

शैली सापडत नाही अशी तक्रार असेल, तर एकाच फोटोवरून दोन चित्रं करा. काय गाळायचं हे ठरवायला आधी तिथे काय आहे ते नीट दिसावं लागतं. उदाहरणाला नथ घातलेल्या बाईचा चेहरा घेऊ.

फोटो शक्यतो स्वतः काढा. मोबाईल हातभर अंतरावर धरला तर नाक फुगतं आणि कान मागे जातात. असा फोटो ट्रेस केला की रेघ न् रेघ जुळूनही चेहरा खोटा दिसतो. दीड-दोन मीटर लांब उभं राहा, दुप्पट झूम करा. उजेड एकाच खिडकीतून, बाजूने हवा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर उजेड-सावलीची सीमाच पुसली जाते.

क्रिता या संगणकावर चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 3000 × 4000 पिक्सेलचा कॅनव्हास घ्या (क्रिता फुकट आहे, आयपॅडवरच्या प्रोक्रिएट अ‍ॅपमध्येही रीत हीच). गोल, कडक कडेचा एकच ब्रश वापरा. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवशिके कपाळ कापून ते वर चढवतात. आधी राखाडीच्या पाच छटांत सगळा चेहरा बसवा, मग रंग. सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेअर (चित्राचा वेगळा थर) ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरांत मिसळायची पद्धत, ‘कलर’ केला की चित्र कृष्णधवल दिसतं. गालाची सावली आणि केस इथे एकाच छटेत मिसळले असतील, तर रंग कितीही सुंदर असले तरी उपयोग नाही.

सगळ्यात जास्त घोळ कडांमध्ये होतो. नाकाची ओठांवर पडलेली सावली नाकाजवळ धारदार आणि लांब जाताना मऊ होते. गालाची गोलाई मात्र सावकाश वळते. दोन्हीकडे सारखाच एअरब्रश फिरवला की त्वचा प्लास्टिकची वाटते. सावलीत नुसता काळा मिसळला तर ती मळकट होते. गहू वर्णाच्या त्वचेला तांबूस तपकिरी घेऊन बघा.

नथीवर थोडा वेळ घालवा. मोत्याला मधली छटा, सावलीची बाजू, त्या सावलीच्या काठाशी परतून आलेला फिकट उजेड आणि वर मऊ कडेची चमक लागते. सोन्याची चमक याउलट बारीक आणि धारदार, आणि तिच्या अगदी शेजारी गडद तपकिरी. सोनं चमकतं ते या शेजारामुळे. नुसता पिवळा भरला तर हळद दिसते.

आता फाइलची प्रत करा. उजेड-सावलीची सीमा आहे तिथेच ठेवा आणि 800 पिक्सेल उंचीचे तीन छोटे नमुने करा. पहिल्यात पाच छटांच्या तीन करा. दुसऱ्यात छटा मूळच्याच ठेवून आकार बदला: जबड्याची वळणं सरळ रेषांत मोडा, मान लांबवा. तिसऱ्यात फक्त चार रंग. एका नमुन्यात एकच बदल, म्हणजे चेहरा कशाने बिघडला किंवा खुलला ते कळतं. फरक ठळक असू दे. मान जेमतेम तीन-चार टक्के लांबवली तर ती चूक वाटते, पंधरा टक्के लांबवली तर हेतू दिसतो. नथीचंही तेच: मोत्यांच्या जागी सपाट गोल आणि एकेक पांढरा ठिपका पुरतो, पण ठिपके सगळ्या मोत्यांवर एकाच बाजूला हवेत.

जुने दिवाळी अंक हाताशी असतील तर दीनानाथ दलाल (1916–1971) आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं शेजारी ठेवा. दलालांच्या कित्येक चित्रांत रेषा आणि सपाट रंग बोलतात, तर मुळगावकरांकडे स्प्रेची गुळगुळीत, तजेलदार गोलाई. कोणी काय सोडून दिलं ते कागदावर लिहून काढा. ब्रशच्या सेटिंग शोधत बसण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

आवडलेल्या दोन बदलांची जोडी जमवून मोठं चित्र करा. दर वीसेक मिनिटांनी कॅनव्हास आरशासारखा उलटा करून पाहा. क्रितात त्यासाठी ‘एम’ ही की आहे. एक डोळा खाली घसरलेला किंवा जबडा तिरका दिसला तर ते शैलीच्या खात्यावर टाकू नका. चित्र पुन्हा सुलटं करण्याआधीच दुरुस्त करा.