पानशेत ते लकडी पूल: तासाआधीची तयारी

पुण्याचा १९६१ चा पानशेत पूर पोरांना गूगल अर्थवर, म्हणजे उपग्रहचित्रांच्या नकाशावर, दाखवायचा आहे, त्या तासाची ही तयारी. प्रोजेक्टर, माउस, एक्स्टेन्शन बोर्ड, पडदे. यावर वेळ घालवत नाही. माउस मात्र चाकाचाच घ्या, लॅपटॉपच्या पॅडवर बोट फिरवत नदी धरता येत नाही.

मुद्दा वेगळाच आहे. ब्राउझरवर विसंबू नका, गूगल अर्थ प्रो हा प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून घ्या, फुकट आहे. मग घरून नाही, स्टाफरूममधून नाही, ज्या लॅपटॉपवर तास घेणार त्याच लॅपटॉपवर, त्याच लॉगिनने, अख्खा मार्ग आदल्या दिवशी फिरून घ्या. पाहिलेली चित्रं त्या मशीनमध्ये साठतात आणि नेट गेलं तरी दिसतात. नेट जातंच. मागच्या खेपेला मी खुणांची केएमझेड फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ऐटीत वर्गात गेलो. त्या फाइलमधून खुणाच येतात, चित्रं येत नाहीत! पडद्यावर पिवळ्या टाचण्या आणि खाली धुरकट हिरवं. म्हणून पुन्हा: तोच लॅपटॉप, तेच लॉगिन. आणि वर्गात जितक्या उंचीवरून दाखवणार तितकंच खाली उतरून पाहून ठेवा. वरवर घिरट्या घातल्या तर जवळचं चित्र साठत नाही.

खुणा तरीही लावाच, कारण नेटशिवाय शोधखिडकी मुकी. आंबी नदीवरचं पानशेत, मग खडकवासला, विठ्ठलवाडी, लकडी पूल, मुळा-मुठेचा संगम. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, तेही फुटलं, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. नकाशा तिरका करून दरीतून खाली या. पाणी कुठून येईल हे पोरांना आधी सांगायचं नाही, त्यांना बोट दाखवू द्या.

सेटिंगमध्ये डोंगरांची उंची फुगवण्याचा आकडा (एलिव्हेशन एक्झॅजरेशन) १ ठेवा, नाहीतर सिंहगड सुळक्यासारखा दिसतो आणि पोरं तेच खरं धरतात. घड्याळाच्या चिन्हातून जुनी चित्रं निघतात, पण १९६१ ची नाहीत, कुणीतरी विचारणारच.

शेवटी मुठेचा कोरा नकाशा वाटा, पूर रंगवायला लावा. प्रश्न, हजेरी, झालं. हो, लॅपटॉप तोच ना? पुढचा तास गणिताचा असेल तर पाच मिनिटं आधी आवरा, ते सर दारातच उभे असतात.